मध्ये उतरता येणारं तिकीट

‘उज्जैन झालं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं तापतं. हा राग मूळचा माझा नाही. मी बँकेत नोकरी करणारा, समोरचा म्हणेल त्याला मान हलवणारा आणि मग घरी येऊन त्याबद्दल स्वतःला खात बसणारा माणूस आहे. राग मला जमत नाही. हा राग आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या इंदूताई लघाट्यांचा. त्या गेल्यावर त्यांच्या घरातली भांडी, कपाटं, पुस्तकं भाच्यानं कुणाकुणाला देऊन टाकली. हा राग तेवढा माझ्याकडे राहिला. मला तो नीट सांभाळता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

उज्जैनमध्ये मराठी घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पाहुणे येतात ते महाकालासाठी, उतरतात मात्र आमच्याकडे. महाकालाचा परिसर नवा, मोठा झाल्यापासून तर ज्यांचं नातं सांगायला दोन माणसांची मदत लागते तेही फोन करतात. “शनिवारी सकाळी पोचतो, रविवारी परतीची गाडी आहे. तेवढ्यात सगळं होईल ना?” यातलं ‘सगळं’ म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. फ्रीगंजातल्या एका रिक्षावाल्याचा नंबर मी फोनमध्ये ‘पॅकेज’ या नावानं ठेवला होता. तो सकाळी दारात यायचा, पाहुण्यांना कोंबायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत नऊ मंदिरं दाखवून परत आणून सोडायचा. पाहुणे खूश, मी मोकळा.

असाच एकदा माझा मेव्हणा ठाण्याहून बायकोला घेऊन आला होता. मंडळी परतून पंख्याखाली पाय पसरून बसली होती, तेवढ्यात इंदूताई भाजीची वाटी परत करायला वर आल्या.

“काय पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“सगळं झालं,” मेव्हणा म्हणाला. “उज्जैन झालं.”

“झालं म्हणजे? गोवर होतो, कांजिण्या होतात. उज्जैन कसं होतं?”

मेव्हणा हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

“क्षिप्रा कुठल्या दिशेला वाहते?”

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“नदी तरी पाहिलीत ना?”

“पाहिली की. रिक्षातूनच दिसली.”

“रिक्षातून रिक्षावाल्याची पाठ दिसते. ती नदी नसते.” मग त्या मेव्हण्याच्या बायकोकडे वळल्या. “तू सांग गं. काय राहिलं लक्षात?”

वहिनी साधी बाई. ती म्हणाली, “खरं सांगू? चपला. नऊ वेळा काढल्या आणि नऊ वेळा घातल्या.”

“बघ, ही खरं बोलली,” इंदूताई म्हणाल्या आणि वाटी टेबलावर ठेवून निघाल्या. जिन्यापर्यंत मी सोडायला गेलो. तिथे त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सुहास, घरी आलेल्या माणसाला तू पार्सल करून पाठवतोस आणि पार्सल करून घेतोस. तुला काही वाटत नाही?”

वाटत होतं. पण वाटणं आणि करणं यांत माझ्या आयुष्यात नेहमीच मोठं अंतर राहिलं आहे.

इंदूताई सरकारी कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. “आमचे कोणी पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायला इथे आले आणि परत जायचं विसरले,” असं त्या सांगत. शाळेतल्या मुली बहनजी म्हणत, म्हणून निम्मं गाव त्यांना बहनजीच म्हणायचं. त्यांची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्धी माळव्याची. “मी त्याला साफ बोलली, आपल्याला हे चालणार नाही,” असं त्या म्हणायच्या आणि पुण्याच्या पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या की, “काय झालं? समजलं ना? मग झालं तर,” असं बजावायच्या. अंगानं लहानखुऱ्या, सुती साडी, पायांत शाळेच्या पोरींसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. बसचं तिकीट त्या घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचत. पर्समध्ये ठेवलेलं तिकीट शोधणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

शहर बस हा त्यांचा जीव होता. त्यात त्या लहानपणापासून बसल्या होत्या असंही नाही. त्या लहान होत्या तेव्हा इथे टांगे होते. पण ज्या दिवशी शहरात या बस सुरू झाल्या त्या दिवसापासून त्यांनी रिक्षा सोडली. थांब्यावर त्या हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून उभ्या राहत, रहदारीच्या पोलिसासारख्या. थांब्याच्या पुढे नेऊन बस थांबवणाऱ्या ड्रायव्हरकडे त्या धावत जात नसत. बस मागे येईपर्यंत तशाच उभ्या राहत, आणि खरं सांगतो, मी बस मागे आलेली पाहिली आहे.

कंडक्टर म्हणायचा, “माताजी, आगे बढ़ो ना.”

“माताजी हरसिद्धी के मंदिर में बैठी हैं। मैं सवारी हूँ।”

दोन दिवसांसाठी आलेल्या माणसानं तिकीट कुठलं काढावं, याचा त्यांनी जितका विचार केला होता तितका बस चालवणाऱ्यांनीही केला नसेल. पॅकेज म्हणजे माणसाचं सामान करणं, हे तर झालंच. पण साधं तिकीटही त्यांना पाहुण्यांसाठी पसंत नव्हतं. “तिकीट काढून बसला की माणूस शेवटपर्यंत बसूनच राहतो. मध्ये काही दिसलं, उतरावंसं वाटलं, तरी उतरत नाही. म्हणतो, परत तिकीट पडेल. मन मारून बसतो.” त्यांच्या मते पाहुण्यानं घ्यावं ते एकच, दिवसाचं तिकीट. सकाळी एकदा काढलं की दिवसभर कुठल्याही शहर बसमध्ये चढा, कुठेही उतरा. “तिकीट असं पाहिजे की मध्ये उतरता आलं पाहिजे. शहर मध्येच असतं. दोन्ही टोकांना नुसतं पार्किंग असतं.”

एकदा माझ्या सासूबाईंची नागपूरची मावसबहीण आणि तिचे यजमान आले. मी लाजेकाजेनं त्यांना इंदूताईंच्या हवाली केलं. इंदूताई त्यांना कालभैरवाच्या बसमध्ये घेऊन निघाल्या आणि भैरवगढला मध्येच उतरवलं. तिथे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात. एका छपाईवाल्याच्या अंगणात दोघांना बसवलं, चहा पाजला, रंग कशाचा, कापड नदीत किती वेळा धुतात, सगळं दाखवलं. मावशींनी स्वतःच्या हातानं एक ठसा उमटवला. तोवर गाडीची वेळ झाली. कालभैरव तिथून हाकेच्या अंतरावर, पण दर्शन न घेताच ते दोघं स्टेशनकडे पळाले. “कालभैरवाच्या दारातून परत आणलं हो आम्हाला,” असं त्यांनी नागपूरभर सांगितलं. ते पुन्हा कधी आले नाहीत.

मी हे इंदूताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काय बिघडलं? कालभैरव कुठे जातोय?”

“कालभैरव नाही जात ताई. पण ते लोक गेले ना.”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते माझ्या लक्षात नाही आलं.”

हे मी मुद्दाम सांगतो, कारण इंदूताई नेहमी बरोबर असत असं मला लिहायचं नाही. रागाच्या भरात त्यांना समोरच्या माणसाचा वेळ दिसत नसे. एवढी एक गोष्ट त्यांना दिसत नसे, आणि त्यांना ते ठाऊकही होतं.

त्यांची थोरली बहीण मालूताई पुण्याला असायची. हृदयाचं दुखणं, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केली होती, तरी मागच्या उन्हाळ्यात तिनं हट्ट धरला की दोन दिवस उज्जैनला जायचंच, आणि जायचं ते जूनमधल्या त्या एका दिवसासाठी. दोघींचे वडील गणिताचे मास्तर होते. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी ते दोन्ही मुलींना सायकलवर, एक पुढे आणि एक मागे, घालून वेधशाळेत न्यायचे. उज्जैन अगदी कर्करेषेजवळ. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. वडील दोघींना उन्हात उभं करायचे आणि म्हणायचे, “शोधा तुमच्या सावल्या.” मालूताईला ते अजून एकदा पाहायचं होतं, इंदूच्या शेजारी उभं राहून. अजून एकदा म्हणजे शेवटचं, हे दोघींनाही माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

तिचा मुलगा हर्षद बरोबर आला होता. भला मुलगा, आईची काळजी करणारा, पण सगळं पुण्याहूनच ठरवून आलेला. फोनवर त्यानं एसी गाडीचं पॅकेज घेतलं होतं. आल्या दिवशी संध्याकाळी त्यानं आम्हा सगळ्यांना ते वाचून दाखवलं. सकाळी सातला गाडी दारात, मग नऊ मंदिरं एकामागून एक. वेधशाळा साडेअकरा ते पावणेबारा, नंतर जेवण.

“माध्यान्ह कधी असते?” इंदूताईंनी शांतपणे विचारलं. त्या शांत असल्या की मला भीती वाटायची.

“बाराला ना, मावशी.”

“ते तुमच्या घड्याळाचे बारा. घड्याळ देशाचं आहे, सूर्य ज्या त्या गावाचा. उज्जैनला तो डोक्यावर येतो साडेबाराच्या जरा आधी.”

“मग मी ड्रायव्हरला सांगतो, अर्धा तास—”

“सांगून बघ.”

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं की वेळा ठरलेल्या आहेत, जेवणाचं टेबल बुक आहे, पुढे दुसरी पार्टी आहे.

“म्हणजे ज्या क्षणासाठी माझी बहीण हृदय हातात धरून आली,” इंदूताई म्हणाल्या, “त्या क्षणी आम्ही पनीर खात असू.”

मालूताई कॉटवर आडवी पडल्या पडल्या हसली. “हर्षद, तू तुझ्या गाडीतून जा रे. नऊच्या नऊ मंदिरं कर. मला इंदूबरोबर बसनं जायचंय.”

हर्षद नंतर जिन्यात मला गाठून म्हणाला, “काका, उद्या तुम्ही गाडी घेऊन त्यांच्या मागे राहाल? लांबून. आईला काही झालं तर.” मी हो म्हणालो. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण इंदूताईंच्या पाठीमागे हा कट केल्यासारखं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. दोघी सकाळी रामघाटावर बसून आल्या. जाताना बसमध्ये तिकिटावरून काहीतरी वाजलं असावं, कारण परत येऊन देवासगेटच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा इंदूताईंचा चेहरा लाल होता. इथून चिंतामण गणपतीच्या बसमध्ये बसलं की वाटेत वेधशाळा. वेळ भरपूर होता. मी गाडी बाहेर लावून पानाच्या टपरीआड उभा राहिलो. इंदूताईंनी मालूताईला बाकावर बसवलं आणि त्या तरातरा तिकिटाच्या खिडकीकडे गेल्या.

“भैया, दो टिकट दीजिए। दिन वाला।”

“वो तो बंद हो गया, बहनजी।”

“कंडक्टर भी यही बोला, मशीन में आता नहीं। बंद किसने किया?”

“ऊपर से बंद है।”

इंदूताईंनी मान उचलून वर पाहिलं. “ऊपर तो पंखा है।”

रांगेतली माणसं हसली. खिडकीतला बाबू वयानं पोरगेला होता, तो ओशाळला. खिडकीशेजारच्या भिंतीवर अजून रंगवलेलं होतं, ‘एक टिकट, दिन भर घूमिए’. खाली बसचं चित्र, खिडकीतून हात हलवणारं एक कुटुंब. इंदूताईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. “ये क्या है फिर? मिटाया क्यों नहीं? परदेस से आदमी आता है, दो दिन के लिए आता है, ये पढ़ता है। उसको क्या बोलते हो?”

“उसको दर्शन बस में बिठाते हैं। नई है, एसी है। सब करा देते हैं। वेधशाला भी करा देते हैं।”

‘करा देते हैं’ हे शब्द त्यानं उच्चारायला नको होते. इंदूताईंचा आवाज चढला. कोण साहेब, कुठे आहेत, कधी येतील, दिवसाचं तिकीट बंद करताना बसमध्ये बसणाऱ्या एका तरी माणसाला विचारलं का, बीच में उतरनेवाले को चोर समझते हो क्या. साहेब येतच आहेत असं कोणीतरी सांगितलं. मग त्या साहेबांसाठी थांबल्या. चिंतामणची एक बस आली, भरली, गेली. मालूताई बाकावरून म्हणाली, “इंदू, घे ना गं साधी दोन तिकिटं.” इंदूताई मागे न बघता म्हणाल्या, “प्रश्न दोन तिकिटांचा नाहीये, मालू.” रांगेतला एक जण म्हणाला, “अम्मा, अपना भाषण उधर करो ना, हमको टिकट लेने दो.” दुसरा म्हणाला, “बोलने दे यार, सही बोल रही है.” त्यांचंच आपसात जुंपलं. दुसरी बस आली आणि गेली.

मला राहवेना. मी टपरीआडून निघून त्यांच्यापाशी गेलो. “ताई, बारा वाजून गेले. गाडी बाहेर आहे. पाच मिनिटांत पोचवतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

“तू इथे काय करून राहिला?”

मी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. त्यांना सगळं कळलं.

“हर्षदनं पहाऱ्याला ठेवलंय तुला. आम्हा दोन म्हाताऱ्यांना एक बस पकडता येत नाही, असंच ना? गाडी घेऊन जा, सुहास. आज मी तिकीट काढल्याशिवाय इथून हलणार नाही.”

मी तिथेच उभा राहिलो. साहेब आले नाहीत. बाबूनं खिडकी अर्धी ओढून घेतली. इंदूताई त्या अर्ध्या खिडकीतून बोलत राहिल्या आणि बोलता बोलता सवयीनं त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. वाक्य तिथेच तुटलं. वेधशाळा आता मिळणार नव्हती, बसनं नाही आणि माझ्या गाडीनंही नाही. इतकी वर्षं मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या वळल्या आणि बाकाकडे बघू लागल्या.

बाकावर मालूताई नव्हती. ती काठी टेकत आवाराच्या मधोमध, जिथे बस वळतात तिथे, भर उन्हात जाऊन उभी होती.

“इंदू, इकडे ये.”

“मालू, चुकलं गं माझं,” इंदूताई म्हणाल्या. “मी घालवलं. ह्या मेल्या तिकिटापायी मी तुझं—”

“येतेस का आधी? आणि ती बाटली आण.”

इंदूताई गेल्या. मालूताईनं त्यांच्या हातातली पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि काठीचा आधार घेत, कण्हत, जमिनीवर उभी ठेवली.

“भूगोल आपल्यात कोण शिकवत होतं?” तिनं विचारलं. “सूर्य काय फक्त वेधशाळेच्या डोक्यावर येतो? बाबा तिथे न्यायचे कारण तिथे ती यंत्रं होती. आपल्याला कशाला यंत्रं? आपण आहोत की उभ्या.”

इंदूताईंनी बाटलीकडे पाहिलं. बाटलीच्या बुडाशी एका बाजूला सावलीची कड उरली होती, नखाएवढी. ती बघता बघता बारीक होत गेली. मग राहिली नाही. बाटली जमिनीवर होती आणि तिची सावली कुठेच नव्हती. दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या, साडीच्या घोळाच्या आत. मालूताईनं इंदूताईंचा हात धरला. “शोध तुझी सावली,” ती म्हणाली.

एक बस वळायला आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रांगेतला मघाचा भांडणारा माणूस पुढे होऊन हात आडवा धरून उभा राहिला. “रुक जा भिया, रुक जा, कुछ हो रहा है यहाँ।” बघता बघता माणसं जमली. खिडकीतला बाबूसुद्धा बाहेर आला. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

“बहनजी, ये हर साल होता है?”

“हर साल,” इंदूताई म्हणाल्या. त्या डोळे पुसत होत्या. “मगर तुम अंदर पंखे के नीचे होते हो।”

त्यानंतर त्यांनी साधी दोन तिकिटं काढली, चिंतामणपर्यंतची. बाबूनंच बसमध्ये पुढची जागा धरून दिली. मला इंदूताई खिडकीतून म्हणाल्या, “तू गाडीतून ये मागून, हर्षदला शब्द दिलायस ना? आम्ही वेधशाळेला उतरणार आहोत. मग परत तिकीट काढू. मग कुठे उतरू ते माहीत नाही. जमतं का बघ तुझ्या गाडीला.” दुपारभर मी त्या बसच्या मागे होतो. त्या तीन ठिकाणी उतरल्या, दर वेळी नवी तिकिटं काढून आणि दर वेळी कंडक्टरशी भांडून. मालूताईला मी दुरून पाहत होतो. ती सारखी हसत होती.

दिवाळीनंतर मालूताई पुण्यातच वारली. शांतपणे गेली म्हणतात. इंदूताईंनी आम्हाला एवढंच सांगितलं, “मालू उतरली,” आणि दार लावून घेतलं.

दिवसाचं तिकीट काही परत आलं नाही. इंदूताई त्यासाठी दर सोमवारी त्या खिडकीवर जाऊन विचारायच्या. बाबू खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि नाही म्हणायचा. पुढे ती भिंतही रंगवली. आता तिथे एसी दर्शन बसची जाहिरात आहे: सगळी मंदिरं, एक जेवण, हॉटेलपासून हॉटेलपर्यंत. खिडकीतून हात हलवणारं ते कुटुंब गेलं. मला याचा इतका संताप येतो की मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो. मी एका रंगवलेल्या भिंतीवर का चिडतो, असं माझी बायको विचारते. जी गोष्ट कुणालाही महाग पडत नव्हती, जिच्यात कुणाचं नुकसान नव्हतं, जी फक्त माणसाला मनाला येईल तिथे उतरू देत होती, तेवढीच का बंद करावीशी वाटली, याचं उत्तर मला कुणी द्यावं. ‘ऊपर से’ असं नको. वर पंखा आहे, हे आता मलाही माहीत आहे. मी ‘पॅकेज’चा नंबर फोनमधून पुसून टाकला आहे. पाहुणे नाराज होतात. होऊ देत.

या वर्षीच्या पावसात इंदूताई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, फार दिवस लागले नाहीत. पण माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं, जूनमधल्या त्या मोठ्या दिवसाचं आहे. त्या दिवशी मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत निघून देवासगेटला गेलो होतो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. इंदूताई असतील असं वाटलं, आणि होत्या. आवाराच्या मधोमध बाटली उभी केलेली, भोवती अकोल्याकडचं एक कुटुंब, पाठीवर पिशव्या, आणि इंदूताई त्यांना सांगत होत्या, “हलू नका. आता बघा.” बाबूही बाहेर येऊन उभा होता. सावल्या गेल्या. त्या कुटुंबातल्या आजोबांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही कळलं नसावं.

मग चिंतामणची बस लागली. इंदूताईंनी बाटली उचलली, साडीला हात पुसले आणि खांद्याच्या रेषेत हात आडवा धरला, बस उभी होती तरी. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. त्या चढल्या, पुढच्या जागेवर बसल्या आणि शेजारची जागा रिकामी ठेवून पर्स मांडीवर घेतली. कंडक्टर नवा होता.

“अम्मा, कहाँ तक?”

“चिंतामण का दे दो,” त्या म्हणाल्या आणि तिकीट घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलं. “मगर मैं बीच में उतरूँगी।”